विज्ञानकथांतले वाकवलेले अवकाश आणि औंढा नागनाथची लायगो-इंडिया: कल्पना कुठे संपते, भौतिकशास्त्र कुठे अडवते?

गोदाकाठ (नांदेड), धागाकर्ता

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळा गावाच्या परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाश-काळात पसरणाऱ्या तरंगांची, वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. तेव्हापासून अकरावी-बारावीच्या वर्गात भौतिकशास्त्र शिकवताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "सर, या यंत्रातून कृमिविवर उघडता येईल का?" हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नाही. कृमिविवर (अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा आडमार्ग), वार्प यान (भोवतालचे अवकाश वाकवून जाणारे यान) आणि काळप्रवास या तिन्ही कल्पना ज्या समीकरणांतून निघाल्या, त्याच समीकरणांची दुसरी उकल या वेधशाळेत मोजली जाणार आहे. म्हणून या धाग्यावर फक्त वाकलेल्या अवकाश-काळाशी संबंधित तंत्रज्ञानांचीच चर्चा करावी, अशी विनंती आहे. यंत्रमानव, परग्रहवासी वगैरे विषयांसाठी स्वतंत्र धागे काढता येतील.

आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार वस्तुमान आणि ऊर्जा यांच्यामुळे अवकाश-काळाला वक्रता येते आणि तीच आपल्याला गुरुत्वाकर्षण म्हणून जाणवते. १९३५ मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी दाखवले की या समीकरणांच्या एका उकलीत अवकाशाचे दोन भाग एका अरुंद मार्गाने जोडलेले दिसतात. कथालेखकांना हवा होता तो आडमार्ग हाच. मात्र १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी सिद्ध केले की हा मार्ग इतक्या वेगाने मिटतो की प्रकाशाचा किरणसुद्धा पलीकडे पोहोचू शकत नाही. पुढे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना आपल्या कादंबरीतल्या प्रवासासाठी विश्वासार्ह मार्ग हवा होता, म्हणून त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचा सल्ला घेतला. त्या विचारातून थॉर्न आणि त्यांचे विद्यार्थी मॉरिस यांनी १९८८ मध्ये प्रवास करता येईल अशा कृमिविवराचे गणित प्रसिद्ध केले. एका कादंबरीच्या गरजेतून खरे संशोधन जन्माला आल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

त्या गणिताची अट मात्र कडक आहे आणि ती समजून घ्यायला एका भारतीयाचे काम उपयोगी पडते. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले समीकरण सांगते की नेहमीच्या द्रव्याजवळून जाणारे किरण गुरुत्वाकर्षणामुळे एकमेकांकडे झुकतात, कधीही फाकत नाहीत. कृमिविवरात याच्या नेमके उलटे घडावे लागते: एका तोंडातून आत शिरताना एकत्र येणारे किरण पलीकडच्या तोंडातून बाहेर पडताना फाकले पाहिजेत. त्यासाठी विवराच्या गळ्याशी असे काहीतरी हवे की ज्याचे गुरुत्व ओढत नाही, ढकलते, म्हणजेच ऋण ऊर्जा हवी. गळ्याची त्रिज्या अवघी एक मीटर ठेवायची म्हटले तरी लागणारी ऋण ऊर्जा गुरू ग्रहाच्या वस्तुमानाच्या तोडीची भरते. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट आहे.

दुसरी अडचण अवकाशाच्या ताठपणाची आहे आणि माझ्या मते विज्ञानकथांमध्ये तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष झाले आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर एकमेकांत विलीन झाली होती आणि त्या वेळी सुमारे तीन सूर्यांइतक्या वस्तुमानाची ऊर्जा सेकंदाच्या काही अंशांत लहरींच्या रूपाने बाहेर पडली. ऐन भरात असताना या घटनेची शक्ती दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशापेक्षा अनेक पटींनी जास्त होती. तरीही यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूच्या (लेझर किरण जातो त्या नळीच्या) लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्श्याइतकाच होता. हा फरक केवळ दूरच्या अंतरामुळे क्षुल्लक झाला, असे कोणी म्हणेल, म्हणून मी साधा हिशेब करून पाहिला. लहरीमुळे लांबीत पडणारा फरक (लहरीचा आयाम) अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. सूर्य आपल्यापासून जितका दूर आहे तितक्याच अंतरावर ही घटना घडली असती, तरी त्या लहरीने माणसाच्या उंचीत पडलेला फरक एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) सातव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या काहीशेव्या भागाइतका राहिला असता. अवकाश वाकते हे निर्विवाद आहे, पण ते वाकवायला लागणारी किंमत अशी आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो की या यंत्राने काहीही उघडणार नाही. निसर्गाने प्रचंड किंमत मोजून जे वाकवले आहे, ते मोजणे हे त्याचे काम आहे. आपले प्रश्न आणि दुरुस्त्या यांचे स्वागत आहे.

हळदीचे_गाव (वसमत)

सर, मांडणी आवडली. ऋण ऊर्जेबद्दल मात्र शंका आहे. ती फक्त गणितातली खूण आहे, की प्रयोगशाळेत कोणी ती प्रत्यक्ष पाहिली आहे? बँकेच्या खात्यात शिल्लक उणे दिसते तशी ही केवळ लिहिण्याची रीत असेल, तर मग सगळी कृमिविवरे कागदावरच राहतील.

गोदाकाठ (नांदेड)

प्रश्न मर्मावरचा आहे. ऋण ऊर्जा ही केवळ लिहिण्याची रीत नाही. १९४८ मध्ये हेंड्रिक कॅसिमिर यांनी भाकीत केले की निर्वातात दोन धातूचे गुळगुळीत पत्रे अगदी जवळजवळ ठेवले, तर त्यांच्यामध्ये विद्युतचुंबकीय क्षेत्राची काही कंपने मावत नाहीत, त्यामुळे मधल्या जागेतली ऊर्जा बाहेरच्या निर्वातापेक्षा कमी, म्हणजे शून्याखाली जाते आणि पत्रे एकमेकांकडे ढकलले जातात. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी हे बल अचूकपणे मोजले. हे बल अंतराच्या चौथ्या घाताने बदलते: पत्र्यांमध्ये एक मायक्रॉन अंतर असताना दाब एका पास्कलच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असतो, आणि दहा नॅनोमीटर अंतरावर तो सैद्धांतिकदृष्ट्या वातावरणाच्या दाबाच्या बरोबरीचा होतो. तथापि पत्र्यांचे स्वतःचे वस्तुमान त्यांच्यामधल्या ऋण ऊर्जेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, त्यामुळे सगळी मांडणी एकत्र धरली तर एकूण ऊर्जा धनच राहते.

आता आपल्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट सांगतो. प्रकाशाच्या एका विशिष्ट क्वांटम अवस्थेत, जिला पिळलेली निर्वात अवस्था म्हणतात, ऊर्जेची घनता काही क्षणांसाठी आणि काही जागी शून्याखाली जाते. ऋण ऊर्जेचा अभ्यास करणारे सिद्धांतकार नेहमी हीच अवस्था उदाहरण म्हणून घेतात, आणि अमेरिकेतली लायगोची यंत्रे २०१९ पासून क्वांटम गोंगाट कमी करण्यासाठी हीच अवस्था मुद्दाम तयार करून वापरत आहेत. म्हणजे कृमिविवराला लागणारा पदार्थ अत्यल्प मात्रेत अशा वेधशाळेच्या रोजच्या वापरात आहे. अडचण पुढे येते. लॅरी फोर्ड आणि टॉम रोमन यांनी सिद्ध केलेल्या क्वांटम असमानता सांगतात की ऋण ऊर्जा जितकी जास्त, तितका तिचा टिकण्याचा काळ कमी, आणि तिच्या मागेपुढे तिची भरपाई करणारी धन ऊर्जा आलीच पाहिजे. तेव्हा आपण दिलेल्या बँकेच्या दाखल्याला मी इतकेच जोडेन की या खात्यात उचल मिळते, पण रक्कम मोठी असेल तर परतफेड जवळजवळ तत्क्षणी करावी लागते.

बालाघाट (अंबाजोगाई)

वार्प यानाबद्दल थोडे लिहितो, कारण हा विषय मी काही वर्षे वाचत आहे. मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या उकलीत यान आपल्या जागी स्थिर असते, त्याच्यापुढचे अवकाश आकुंचन पावते आणि मागचे प्रसरण पावते, त्यामुळे यानाच्या जवळपास प्रकाशाचा वेग कुठेही ओलांडला जात नाही. कल्पना अत्यंत देखणी आहे. मात्र १९९७ मध्ये फेनिंग आणि फोर्ड यांनी वर उल्लेखलेल्या असमानता तिला लावून पाहिल्या, तेव्हा यानाभोवतालच्या कवचाची भिंत अशक्यप्राय पातळ निघाली आणि लागणारी ऋण ऊर्जा दृश्य विश्वाच्या वस्तुमानापेक्षा जास्त भरली. पुढे आकार बदलून हा आकडा कमी करण्याचे प्रयत्न झाले. २०२१ नंतरच्या काही शोधनिबंधांत फक्त धन ऊर्जा वापरून वार्प कवच मांडले गेले आहे, परंतु ते प्रकाशापेक्षा कमी वेगानेच जाते आणि त्याला वेग कसा द्यायचा हा प्रश्न तसाच राहतो. मंदगतीचे वार्प यान आता गणिताला मंजूर आहे, असे म्हणता येईल. ज्या वेगासाठी ही कल्पना जन्मली, तो वेग मात्र मंजूर नाही.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. अवकाशाबद्दल बरीच चर्चा झाली, काळाबद्दल कमी. एका प्रसिद्ध चित्रपटात एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे असे दाखवले होते. हे शक्य आहे का? आणि भूतकाळात जाण्याबद्दल शास्त्राचे म्हणणे काय आहे?

गोदाकाठ (नांदेड)

भविष्याकडे जाणारा काळप्रवास ही कल्पना राहिलेली नाही, ते मोजमाप आहे. जमिनीपासून जितके उंच जावे तितका काळ किंचित वेगाने धावतो: दर मीटरला सुमारे दहा हजार लाख कोटींत एका भागाइतका. आपण देवगिरीच्या परिसरातले आहात म्हणून तेच उदाहरण घेऊ. किल्ल्याची टेकडी पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच आहे. पायथ्याशी एक आणि माथ्यावर एक अशी दोन अचूक घड्याळे ठेवली, तर माथ्यावरचे घड्याळ वर्षभरात सुमारे ०.७ मायक्रोसेकंद पुढे जाईल. हे भाकीत वाटत असेल तर जीपीएसकडे पाहावे. त्याचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. उंचीमुळे त्यांची घड्याळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, म्हणजे निव्वळ ३८ मायक्रोसेकंद पुढे. ही दुरुस्ती केली नाही, तर अंतराच्या मापनात दिवसाला दहा किलोमीटरहून अधिक चूक साचत जाईल. शेताची मोजणी उपग्रहाच्या आधाराने करणारा प्रत्येक जण आइन्स्टाइनचे समीकरण नकळत वापरतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने अवघ्या एक मिलिमीटर उंचीच्या फरकाने पडणारा काळाचा फरकही मोजला आहे.

एका तासाला सात वर्षे म्हणजे सुमारे ६१,००० पट फरक. रॉय केर यांनी १९६३ मध्ये शोधलेल्या फिरत्या कृष्णविवराच्या उकलीत तो बसतो, पण विवर त्याच्या कमाल शक्य वेगाच्या जवळजवळ टोकाशी फिरत असले पाहिजे आणि ग्रह त्याच्या अगदी कडेला असला पाहिजे. गणित नाकारत नाही, एवढे म्हणता येते. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. इतक्या खोल गुरुत्वातून यान परत वर आणायला जी ऊर्जा लागेल तिचा हिशेब कथांमध्ये सहसा दिलेला नसतो, आणि खरे नाट्य तिथेच आहे.

भूतकाळाचा प्रश्न अधिक कठीण आहे. कृमिविवराचे एक तोंड वेगाने फिरवून आणले तर दोन तोंडांच्या काळात फरक पडतो आणि त्यातून मागे जाता येते, हे थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्येच दाखवले. १९९२ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी असा अंदाज मांडला की असे यंत्र तयार होण्याच्या क्षणीच निर्वातातली क्वांटम कंपने अनावर वाढून ते उद्ध्वस्त करतील. हा अंदाज सिद्ध झालेला नाही. तो सिद्ध करायला गुरुत्वाकर्षणाचा क्वांटम सिद्धांत हवा आणि तो अजून पूर्णत्वाला गेलेला नाही.

परभणीकर_वाचक (परभणी)

मी विज्ञानकथा लिहितो. वरची चर्चा वाचून वाटते की लेखकाच्या हातातले सगळेच काढून घेतले जात आहे. गुरुत्वीय लहरींनी संदेश पाठवणे तरी शक्य आहे का? आणि कृमिविवर बनवता येत नसेल, तर निसर्गात आधीपासून असलेले एखादे सापडू शकते का?

गोदाकाठ (नांदेड)

दादा, दुसऱ्या प्रश्नात आपल्या कथेसाठी खरे धन दडलेले आहे, म्हणून पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे अंतरावरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची लहर आली आणि तिच्यानंतर अवघ्या १.७ सेकंदांनी त्याच घटनेचे गॅमा किरण आले. इतक्या लांबच्या शर्यतीत एवढाच फरक पडला, यावरून गुरुत्वीय लहरींचा वेग आणि प्रकाशाचा वेग समान आहेत हे विलक्षण अचूकतेने ठरले. त्यामुळे प्रकाशापेक्षा जलद संदेश या वाटेने जाणार नाही. या लहरी तारे आणि ग्रह यांच्या आरपार जातात हे खरे, पण मोजण्याजोगी लहर उत्पन्न करायला ताऱ्यांची वस्तुमाने हलवावी लागतात.

आता शोधाबद्दल. बेंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वर यांनी १९७० मध्ये दाखवले की कृष्णविवराला धक्का बसला की ते ठरावीक कंपनसंख्येने थरथरते आणि ही थरथर झपाट्याने विरून जाते. तिची कंपनसंख्या आणि विरण्याचा काळ विवराच्या वस्तुमानावर आणि फिरण्यावरच अवलंबून असतात. कृष्णविवराला क्षितिज असते, म्हणजे आत गेलेले परत येत नाही. कृमिविवराला क्षितिज नसते, त्यामुळे आत गेलेली लहर पलीकडच्या भागातून काही अंशी परतू शकते. म्हणून २०१६ मध्ये कार्दोसो, फ्रान्झिन आणि पानी यांनी सुचवले की विलीनीकरणानंतरच्या थरथरीमागून क्षीण प्रतिध्वनी येतात का, हे पाहावे. ते आले, तर आपण ज्याला कृष्णविवर समजतो ते कदाचित दुसरेच काही असेल. आतापर्यंत असे प्रतिध्वनी निर्विवादपणे सापडलेले नाहीत. १४ जानेवारी २०२५ रोजी आलेला संकेत त्या वेळेपर्यंतचा सर्वांत स्पष्ट होता आणि त्यातली थरथर केर यांच्या कृष्णविवराच्या गणिताशी जुळली. पण प्रत्येक नवे यंत्र ही तपासणी अधिक बारीक करत जाते. क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी काम केले, आणि आज जगभर वापरली जाणारी शोधपद्धती त्या कामाचा मोठा आधार घेते. मराठी लेखकाला आणखी काय हवे? वैज्ञानिक, विदा (मोजमापांची माहिती) आणि प्रतिध्वनीचा प्रश्न, हे सगळे आपल्या अंगणात आहे.

औंढा_परिसर (औंढा नागनाथ)

आपण सगळे सिद्धांतांबद्दल बोलत आहात, आमच्या गावात वेगळे प्रश्न आहेत. एक तर या यंत्रातून काही किरण बाहेर पडतील का, अशी भीती काही लोकांना वाटते. दुसरे म्हणजे आमच्या जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसत असतात. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, त्या वेळी लोक घराबाहेर धावले. किल्लारीचा १९९३ चा अनुभव मराठवाडा विसरलेला नाही. प्रोटॉनपेक्षा बारीक फरक मोजणारे यंत्र अशा जमिनीवर चालेल कसे?

गोदाकाठ (नांदेड)

भाऊ, हे दोन्ही प्रश्न आपण विचारलेत याचे समाधान आहे. हे यंत्र ऐकणारे आहे, बोलणारे नाही. लेझरचा अवरक्त प्रकाश सुमारे १.२ मीटर व्यासाच्या पोलादी नळ्यांत, वातावरणाच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्श्याइतक्या निर्वातात, आरशांमध्ये मागेपुढे जात राहतो. त्यातून गावापर्यंत पोहोचणारा कोणताही घातक किरण नसतो. गुरुत्वीय लहरी तर यंत्र असो वा नसो, आपल्या सगळ्यांच्या शरीरातून आजही जात आहेत.

जमिनीच्या हालचालीची चिंता मात्र रास्त आहे. मूळ रचनेत प्रत्येक मुख्य आरसा सुमारे ४० किलो वजनाचा असतो आणि तो चार टप्प्यांच्या लंबकाच्या शेवटी, शुद्ध काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेला असतो. हे लंबक ज्या मंचावर असतात, तो मंच जमिनीची हालचाल सतत मोजून तिच्या विरुद्ध दिशेने हलत राहतो. या दोन्हींमुळे दर सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा होणारी थरथर अनेक कोटींच्या पटीत कमी होते, आणि विलीन होणाऱ्या कृष्णविवरांचा संकेत बहुतांशी याच पट्ट्यात येतो. भूकंपाची मंद आणि मोठी हालचाल या व्यवस्थेला पुरी अडवता येत नाही. अमेरिकेतल्या यंत्रांना दूरदेशीचा मोठा भूकंपसुद्धा काही काळ बंद पाडतो आणि आरसे पुन्हा रांगेत आणायला वेळ लागतो. लहान हालचालीही त्रास देतात: लुइझियानातल्या यंत्राला जवळून जाणाऱ्या रेल्वेचा, तर वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या यंत्राला द्रव नायट्रोजनच्या नळीवर साचलेल्या बर्फावर चोच मारणाऱ्या डोमकावळ्यांचा उपद्रव झालेला आहे. म्हणून प्रत्येक यंत्राभोवती भूकंपमापक, ध्वनिग्राहक आणि चुंबकीय संवेदक लावलेले असतात, आणि त्यांच्यापैकी कशाशीही जुळणारा संकेत बाद केला जातो.

सर्वांत मोठी खात्री मात्र अंतरातून मिळते. कळमनुरीतला धक्का हॅनफर्डमध्ये त्याच मिलिसेकंदाला आणि त्याच आकाराने दिसू शकत नाही, पण गुरुत्वीय लहर सगळ्या यंत्रांत काही मिलिसेकंदांच्या फरकाने एकाच आकारात उमटते. २०१५ चा पहिला संकेत दोन यंत्रांत सुमारे सात मिलिसेकंदांच्या अंतराने आला होता. त्यावेळी तो आकाशात नेमका कुठून आला हे सुमारे ६०० चौरस अंशांच्या पट्ट्यापर्यंतच सांगता आले. २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या संकेताच्या वेळी इटलीतले व्हर्गो हे यंत्रही सुरू होते, त्यामुळे शोधाचा भाग सुमारे २८ चौरस अंशांवर आला आणि ती घटना जिच्यात घडली ती आकाशगंगा दुर्बिणींना त्याच दिवशी सापडली. औंढ्याचे यंत्र या जाळ्यात आले की अमेरिका आणि युरोप यांच्यापासून फार दूरचा एक बिंदू जोडला जाईल, आणि हा भाग आणखी लहान होईल.

औंढा_परिसर (औंढा नागनाथ)

सर, हे उत्तर छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू का? लोकांना वाचायला मिळेल.

गोदाकाठ (नांदेड)

अवश्य लावावे. फक्त लेझर, निर्वात आणि भूकंपमापक यांच्याबद्दलचे परिच्छेदच घ्यावेत. कृमिविवराचा भाग लावला, तर लोक यंत्राकडे प्रवासाचे दार म्हणून पाहू लागतील, आणि ते समजावून सांगायला मग कोणीतरी प्रत्यक्ष हजर असावे लागेल. आपण दिवस ठरवलात तर मी स्वतः येऊन बोलेन.